पीठ दळायला पाणी कशाला? कॉर्नफ्लोअरच्या कारखान्यातला पाण्याचा आणि वाफेचा हिशोब

मागच्या दिवाळीत मावशीकडे जेवायला गेलो होतो. मंचुरियनचा रस्सा घट्ट करायला तिने कॉर्नफ्लोअरचा डबा काढला, आणि मी सहज म्हणालो की आमच्या प्लांटवर सध्या पाणी वाचवायचं काम जोरात चालू आहे. तर ती म्हणाली, "अरे, पीठ दळायला पाणी कशाला लागतं? गिरणीत कधी पाणी बघितलंयस का तू?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी स्टार्चच्या कारखान्यात अकरा वर्षं शिफ्टला आहे, तरी जेवता जेवता दोन वाक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे सगळं नीट लिहितोय.

आधी एक घोळ मिटवू. मक्याचं पीठ म्हणजे ते पिवळं, ज्याची भाकरी किंवा मक्के की रोटी करतात. ते गिरणीत अख्खा दाणा दळून होतं, त्याला पाणी जवळपास लागतच नाही. डब्यातलं पांढरंशुभ्र, बोटांत धरलं की कचकच आवाज करणारं कॉर्नफ्लोअर म्हणजे पीठ नाहीच, तो मक्यातला नुसता स्टार्च आहे. अमेरिकेत त्याला सरळ कॉर्नस्टार्चच म्हणतात. कॉर्नफ्लोअर हे नाव ब्रिटिशांचं, स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या ब्राउन अँड पोल्सन कंपनीने १८५४ च्या सुमारास त्याचं पेटंट घेतलं, आणि तेच नाव आपल्याकडच्या डब्यांवर चिकटलं. त्यामुळे दुकानात गेल्यावर अजूनही अर्धी माणसं चुकीचं पाकीट उचलतात.

आता दाण्याकडे या. मक्याचा दाणा वाळलेला धरला तर त्यात साधारण ७० टक्के स्टार्च, ९-१० टक्के प्रथिनं, ४ टक्क्यांच्या आसपास तेल आणि बाकी साल, तंतू वगैरे असतं. स्टार्चचे बारीक बारीक कण असतात आणि त्यांच्या भोवती प्रथिनाचं जाळं घट्ट बसलेलं असतं, विटांच्या मध्ये सिमेंट भरलेलं असावं तसं. कोरडा दाणा कितीही बारीक दळलात तरी सिमेंटसकट वीट फुटते, सुटी वीट हाती लागत नाही. ते सिमेंट आधी मऊ करावं लागतं आणि त्याला पाणी लागतं. १८४२ मध्ये थॉमस किंग्सफर्ड नावाच्या माणसाने न्यू जर्सीत हे पहिल्यांदा नीट जमवलं, त्याने अल्कली वापरली होती. आज आपण वापरतो सल्फर डायऑक्साइड, पाण्यात जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के, आणि ५० अंशांच्या आसपास गरम पाणी. त्यात मका ३० ते ५० तास भिजत पडतो. याला स्टीपिंग म्हणतात आणि त्या मोठ्या टाक्यांना स्टीप टँक.

५० च अंश का, जास्त गरम केलं तर लवकर नाही का भिजणार? नाही. मक्याचा स्टार्च साधारण ६२ अंशांच्या पुढे फुगायला आणि शिजायला लागतो. मावशी कॉर्नफ्लोअर आधी गार पाण्यात कालवते आणि मगच कढईत ओतते, नाहीतर गुठळ्या होतात, तेच कारण. आमच्याकडे ही गुठळी झाली तर ती एका टाकीएवढी होते, म्हणून तापमानावर सगळ्यांचा जीव टांगलेला असतो.

भिजल्यावर दाणा जाडसर भरडायचा. त्यातला अंकुर, आम्ही जर्म म्हणतो, तेल असल्यामुळे हलका असतो, तो हायड्रोसायक्लोनमध्ये, म्हणजे पाणी भोवऱ्यासारखं फिरवून हलकं-जड वेगळं करणाऱ्या नळ्यांमध्ये, वेगळा निघतो आणि तेलाच्या घाण्याकडे जातो, तिथे तेल काढून मागे उरते ती पेंड. मग बाकीचा दाणा बारीक दळायचा, चाळण्यांवर साल आणि तंतू धुऊन काढायचे, आणि जे दुधासारखं पाणी उरतं त्यात स्टार्च आणि ग्लुटेन म्हणजे प्रथिन असतं. स्टार्चची घनता पाण्याच्या दीडपट, ग्लुटेन जवळपास पाण्याइतकंच हलकं, म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की दोघं वेगळे होतात. स्टार्च आणखी धुवायचा, पिळायचा, वाळवायचा, पोत्यात भरायचा. झालं. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा, जळगावचं चाळीसगाव इथे हे कारखाने आहेत ते उगाच नाहीत, मका खानदेशातच भरपूर पिकतो.

आता खरी गोष्ट. हे सगळं वाचून लक्षात आलं असेल की आपण कोरडा दाणा घेतो, त्याला भिजवतो, पाण्यातच दळतो, पाण्यातच धुतो आणि शेवटी परत कोरडी पावडर विकतो. म्हणजे पाणी आत घालायचं आणि मग तेच पाणी बाहेर काढायचं, आणि बाहेर काढणं आत घालण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. दहावीच्या विज्ञानात अप्रकट उष्मा शिकलो होतो तो इथे कामाला येतो. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला वरून ५४० किलोकॅलरी. जवळपास आठपट. म्हणून जो प्लांट पाणी वाचवतो तो कोळसाही वाचवतो, पाणी आणि ऊर्जा या दोन वेगळ्या योजना नाहीतच. अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २००३ मध्ये या उद्योगाचा अभ्यास केला होता, त्यात निघालं की तिथल्या सगळ्या खाद्यउद्योगाच्या ऊर्जेपैकी साधारण १५ टक्के ऊर्जा एकट्या मक्याच्या वेट मिलिंगमध्ये, म्हणजे याच पाण्यातल्या दळण्यात, जाते. बेकरी, डेअरी, साखर, मांस सगळं धरून त्यातले १५ टक्के.

मग पाणी कमी कसं करायचं? याचं उत्तर दुष्काळी भागातल्या बायकांना कुणी शिकवायची गरज नाही. टँकर आठवड्यातून एकदा येतो तिथे भांडी तीन बादल्यांत विसळतात. पहिल्या बादलीत राखेची घाण निघते, दुसरीत बरीच साफ होतात, तिसरीत स्वच्छ पाणी. पहिली बादली गढूळ झाली की ती परसातल्या झाडाला जाते, दुसरी पहिल्याच्या जागी सरकते, तिसरी दुसऱ्याच्या, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्या बादलीत. भांडी एका दिशेने जातात, पाणी उलट्या दिशेने येतं. इंजिनिअरिंगमध्ये याला काउंटरकरंट म्हणतात आणि अख्खा स्टार्च प्लांट यावर उभा आहे.

याचा फायदा किती, ते आकड्यात बघा. समजा भांड्यांना नेहमी एक लिटर घाण पाणी चिकटून राहतं आणि तुमच्याकडे विसळायला तीन लिटर स्वच्छ पाणी आहे. तीनही लिटर एकदम ओतलं तर एक चतुर्थांश घाण मागे राहते. एक एक लिटर करून तीनदा विसळलं तर एक अष्टमांश राहते. पण तीन बादल्यांची उलटी रांग लावली, दर खेपेला तेवढंच तीन लिटर नवं पाणी शेवटच्या बादलीत, तर मागे राहते चाळिसावा हिस्सा. पाणी तेवढंच, घाण दसपट कमी. मला हे गणित पहिल्यांदा कागदावर सोडवल्यावर खरंच वाटलं नव्हतं, मी परत करून बघितलं होतं.

आमच्याकडे या बादल्या म्हणजे हायड्रोसायक्लोनचे टप्पे, साधारण बारा असतात. पहिल्या टप्प्याला घाण स्टार्च येतो, बाराव्याला स्वच्छ पाणी. चांगल्या प्लांटमध्ये नवं पाणी मुख्यतः या एकाच ठिकाणी आत येतं, एक किलो स्टार्चला साधारण दोन-अडीच लिटर. तिथून निघालेलं पाणी सेपरेटरकडे, म्हणजे स्टार्च आणि ग्लुटेन वेगळं करणाऱ्या सेंट्रिफ्यूजकडे, ग्लुटेन बसवल्यावर वरचं निवळ पाणी तंतू धुवायला, आणि फिरत फिरत शेवटी स्टीप टँकमध्ये. तिथेही परत तेच, आठ-दहा टाक्यांची रांग, जुन्या भिजलेल्या मक्याला नवं पाणी मिळतं आणि आज आलेल्या कोरड्या मक्याला सगळ्यात जुनं, आंबलेलं पाणी. त्या जुन्या पाण्यात लॅक्टिक ॲसिडचे जिवाणू वाढलेले असतात, आपल्या दह्यातल्यांचे भाऊबंद, त्यांचंही मऊ करायला हातभार लागतो. एक टन मका १५ टक्के ओलाव्याचा आला तर ४५ टक्क्यांपर्यंत भिजताना तो सुमारे ५४५ लिटर पाणी पिऊन टाकतो. म्हणजे एकच थेंब चार-पाच कामं करून शेवटी दाण्यात शिरतो.

कागदावर हे असं सुंदर दिसतं. आता रात्रपाळी कशी असते ते सांगतो. मी नवीन होतो, पहिलं वर्ष. रात्री दीडच्या सुमाराला लॅबमधून फोन आला, स्टार्चमधलं प्रोटीन वाढलंय. ०.३५ टक्क्यांच्या आत लागतं, ते ०.४८ दाखवत होतं. मी काय केलं, तर धुवायच्या पाण्याचा वॉल्व्ह अजून उघडला. तासाभरात प्रोटीन खाली आलं, मी खूष. तीन वाजता प्रोसेस वॉटरची, म्हणजे प्लांटमध्ये फिरवून वापरायच्या पाण्याची टाकी भरून वाहायला लागली, कारण वाढलेलं पाणी कुठेतरी जाणारच, स्टीप टँकला एका मर्यादेपेक्षा जास्त पाणी घेताच येत नाही. ते सगळं पांढरट पाणी गटाराने इटीपीला, म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटला. त्यात स्टार्च होता, ग्लुटेन होतं, आणि ५० अंशांपर्यंत तापवलेली उष्णता होती.

आमचे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, ते पहाटे राउंडला आले. त्यांनी वॉल्व्हकडे बघितलंच नाही, आधी प्रेशर गेज बघितले. सहाव्या टप्प्याचं प्रेशर हललेलं होतं. हाउसिंग उघडलं तर आतल्या सायक्लोनच्या नळ्या, जेमतेम दहा मिलिमीटर व्यासाच्या, बोटाएवढ्या लांब, त्यातल्या कितीतरी तंतूंनी गच्च बसलेल्या. वरच्या मजल्यावर एक चाळणी फाटली होती आणि तंतू खाली उतरत होते. अण्णा म्हणाले, "साहेब, पाणी वाढवून तुम्ही दुखणं झाकलं." चाळणी बदलली, नळ्या साफ केल्या आणि धुवायचं पाणी आधीपेक्षाही कमी करून चाललं. तेव्हापासून कुठल्याही प्लांटवर गेलो आणि पाणी जास्त लागतंय म्हणाले की मी आधी चाळण्या बघतो.

आता वाफेकडे. धुतलेला स्टार्च हा पाण्यात कालवलेला असतो, तो पिळायला सेंट्रिफ्यूज असतं, वॉशिंग मशिनच्या स्पिनसारखंच पण फार मोठं. पिळून निघालेल्या चोथ्याला आम्ही केक म्हणतो. या केकमध्ये किती पाणी उरलंय यावर ड्रायरचा खर्च ठरतो आणि हा आकडा फसवा असतो. केकमध्ये ४० टक्के पाणी काय आणि ३५ काय, पाचच टक्क्यांचा तर फरक, असं वाटतं. करून बघा हिशोब. दिवसाला १०० टन कोरडा स्टार्च घ्या. ४० टक्के ओलाव्याला त्यात ६६.७ टन पाणी असतं, ३५ टक्क्यांना ५३.८ टन. शेवटी पोत्यात १२-१३ टक्के ओलावा ठेवायचाच असतो, म्हणजे सुमारे १४ टन पाणी आत राहणार. तर ड्रायरला एकीकडे ५२ टन उडवायचं, दुसरीकडे साडेएकोणचाळीस. सरळ एक चतुर्थांश कमी, दिवसाला जवळपास १३ टन पाणी, आणि एक टन पाणी उडवायला ड्रायरमध्ये एक टनापेक्षा जास्तच वाफ लागते. हे सगळं कशाने, तर सेंट्रिफ्यूजचं कापड वेळेवर बदललं, स्पिनचा वेळ नीट लावला, स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेला स्टार्च, जरा घट्ट दिली यानेच. मोटरने पिळणं हे आगीने वाळवण्यापेक्षा नेहमी स्वस्त, कपडे वाळत घालताना आपण पिळतोच ना आधी.

तंतूंच्या बाबतीत तर फरक बघून डोळे फिरतात. चाळणीवरून आलेला तंतू ८५ टक्के ओला असतो, म्हणजे एक किलो कोरड्या मालाबरोबर साडेपाच किलोपेक्षा जास्त पाणी. स्क्रू प्रेसमधून ६० टक्क्यांवर आणला की दीड किलो. चार किलो पाणी नुसतं दाबून गेलं. आणि त्याहून चांगली गोष्ट म्हणजे तो वाळवायचाच नाही. प्लांटच्या आसपास म्हशींचे गोठे असले तर ओला भुसा तसाच पिकअपमध्ये भरून सकाळी जातो. दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो नाहीतर आंबतो, पावसाळ्यात आणखी लवकर, म्हणून हे वीस-तीस किलोमीटरच्या आतच जमतं. पण जिथे जमतं तिथे एक अख्खा ड्रायर बंद ठेवता येतो आणि गोठेवाल्यालाही खुराक स्वस्तात पडतो. मोठ्या मशिनरीच्या प्रेझेंटेशनमध्ये हे कधीच नसतं याचं मला वाईट वाटतं.

स्टीपिंगचं जुनं पाणी, ज्यात दाण्यातली विद्राव्य प्रथिनं, साखरा, क्षार उतरलेले असतात, ते फेकत नाहीत. ते आटवून घट्ट केलं की त्याला कॉर्न स्टीप लिकर म्हणतात, काकवीसारखं दिसतं, वास मात्र आंबट. पशुखाद्यात जातं. १९४१ मध्ये अमेरिकेत पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत पेनिसिलीनच्या बुरशीला हे खाऊ घातलं आणि पेनिसिलीनचं उत्पादन कैक पटींनी वाढलं, महायुद्धात जखमी सैनिकांना औषध पुरलं त्यात या मक्याच्या पाण्याचा मोठा वाटा आहे. पण ते आटवणं म्हणजे जबरदस्त काम. ८ टक्के घट्टपणाचं पाणी ४८ टक्क्यांवर न्यायचं तर एक किलो घन पदार्थामागे दहा किलोपेक्षा जास्त पाणी उडवावं लागतं.

इथे साखर कारखान्याशी ओळख असलेल्यांना लगेच कळेल. उसाचा रस जसा एकामागून एक भांड्यांत आटवतात तसंच. पहिल्या भांड्याला बॉयलरची वाफ द्यायची, त्यातल्या पाण्याची जी वाफ होते ती दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या भांड्यात हवा कमी केलेली असते म्हणून तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं, शेवटच्यात पन्नास-पंचावन्न अंशांनाही. एकाच वाफेकडून तीन वेळा काम. ही कल्पना नॉर्बर्ट रिलियू या न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय इंजिनिअरने १८४० च्या दशकात साखरेसाठी काढली, जगभर आज दूध, मीठ, औषधं सगळीकडे तीच चालते, आणि त्याचं नाव आपल्या कारखान्यांतल्या कुणाला माहीत नसतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे एमव्हीआर, मेकॅनिकल व्हेपर रीकॉम्प्रेशन. पाण्याची वाफ झाली, तर ती पुढच्या भांड्याला न देता पंख्याने दाबायची. सायकलचा पंप मारताना तो गरम होतो तसं दाबलेली वाफ काही अंश जास्त गरम होते, आणि तीच परत त्याच भांड्याला तापवायला वापरायची. ५४० किलोकॅलरी हातातून सुटतच नाहीत, फक्त पंख्याची वीज लागते, एक टन पाणी उडवायला साधारण १५ ते ३० युनिट. जिथे कोळसा महाग आणि वीज बरी तिथे हे परवडतं, उलट स्वतःची टर्बाइन असलेल्या प्लांटला कधी कधी तीन-चार भांड्यांची जुनी पद्धतच परवडते, त्यामुळे कुणी एमव्हीआरच घ्या म्हणून मागे लागलं तर आधी आपला वाफ-विजेचा ताळा मांडा. आणखी एक गोष्ट म्हणजे भुसा आणि ग्लुटेनच्या ड्रायरमधून धुराड्याने जी ओली गरम वाफ बाहेर जाते तिच्यावर पहिलं भांडं चालवणं. पावसाळ्याच्या सकाळी धुराड्यावर पांढरा लोट दिसतो तो म्हणजे जळालेला कोळसाच आभाळात चाललेला असतो. आणि आटवताना गोळा झालेलं गरम कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं परत झालेलं पाणी, परत स्टीप टँकला दिलं की तिथे तापवायची वाफ वाचते.

ड्रायरबद्दल आणखी एक. स्टार्च गरम हवेच्या झोतात काही सेकंदांत वाळतो. बाहेरची हवा घेऊन ती १५० अंशांच्या आसपास तापवायची. खानदेशात मे महिन्यात बाहेरची हवाच ४० अंशांची असते, जानेवारीच्या रात्री १५. मे मध्ये ११० अंश चढवायचे, जानेवारीत १३५, म्हणजे नुसत्या हवामानाने जवळपास पाचव्या हिश्शाचा फरक, शिवाय उन्हाळ्यातली हवा कोरडी. म्हणून ड्रायरच्या बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला द्यायची सोय केली तर थंडीत तिचा फायदा फार जाणवतो. फक्त स्टार्चची धूळ पेट घेते, स्फोटही होतो, त्यामुळे असली जोडणी जुगाड करून कधीच करू नये, जाणकाराकडूनच करून घ्यावी.

बाकी पंप, इन्सुलेशन, गळके स्टीम ट्रॅप हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पंपाचं एक सांगतो. आपल्याकडे पंप फुल स्पीडला आणि पुढचा वॉल्व्ह अर्धा बंद, असं सर्रास दिसतं. त्याऐवजी वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह लावून मोटरचाच वेग २० टक्के कमी केला तर वीज साधारण निम्मीच लागते, कारण सेंट्रिफ्यूगल पंपाची शक्ती वेगाच्या घनाने बदलते.

इतकं करूनही काही पाणी शेवटी इटीपीला जातंच, कारण तेच तेच फिरवलं की त्यात क्षार आणि आंबटपणा साठत जातो आणि स्टार्चचा दर्जा बिघडतो, थोडं सोडावंच लागतं. त्या पाण्यात साखरा-प्रथिनं असतात, म्हणून ते बंद टाकीत जिवाणूंकडून सडवून बायोगॅस काढायचा. हवा मारून साफ करायला उलट वीज जाते, बंद टाकीत गॅस मिळतो. सांडपाण्यातला एक किलो सीओडी, म्हणजे ऑक्सिजन खाणारी घाण, जिरली की सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, तो थेट बॉयलरला.

मग ते ५० तास भिजवणं कमी नाही का होणार? यावर काम झालंय. अमेरिकेत डेव्हिड जॉन्स्टन आणि विजय सिंग या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की मका आधी थोडे तास नुसत्या पाण्यात भिजवून जाडसर भरडायचा आणि मग त्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम घालायचं, तर सगळं सहा-आठ तासांत होतं आणि सल्फर डायऑक्साइडही खूप कमी लागतो. त्यांनी तपासलेल्यांत अननसात असतं ते ब्रोमेलिनही होतं. अख्ख्या दाण्यात एन्झाइम शिरत नाही, साल आडवी येते, म्हणून आधी भरडायची युक्ती. अडचण एन्झाइमच्या खर्चाची, आणि जुन्या प्लांटमध्ये पन्नास तासांच्या हिशोबाने टाक्या आधीच बांधून झाल्यात. नवीन प्लांट उभारणाऱ्याने मात्र याकडे गंभीरपणे बघावं असं माझं मत आहे.

मक्याचं खरं पीठ आणि पाणी यांचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे तो मेक्सिकोत. तिथे तोर्तियासाठी, म्हणजे त्यांच्या मक्याच्या पोळीसाठी, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, पानाला लावतो तोच चुना, दाण्याच्या साधारण एक टक्का. याला निक्स्तमाल म्हणतात, ही हजारो वर्षांची पद्धत आहे आणि यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं, त्याच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा आजार होत नाही, त्यामुळे ती सोडून द्या म्हणणं बरोबर नाही. पण एक किलो मक्याला दोन-तीन लिटर पाणी लागतं आणि मागे उरतं नेहायोते, पिवळं, खूप अल्कलाइन सांडपाणी. पाकिटातलं तयार पीठ करायचं तर तो भिजलेला गोळा परत वाळवायचा, म्हणजे आमचीच कथा. तिथे उपाय म्हणून कमी पाण्यात वाफेवर शिजवणं, नेहायोते पुढच्या खेपेला वापरणं, किंवा भरडलेला मका, चुना आणि जेमतेम भिजेल एवढंच पाणी एक्स्ट्रूडरमधून काढणं असे प्रकार करतात. एक्स्ट्रूडरमध्ये सांडपाणी जवळपास निघतच नाही, कुरकुरे ज्यातून निघतात तसंच ते यंत्र. चव आणि तोर्तियाचा लवचिकपणा मात्र जुन्यासारखा आणणं कठीण जातं, आणि रोजच्या पोळीच्या चवीत कुणी तडजोड करत नाही, हे आपल्याला सांगायला नको.

लहान किंवा मध्यम प्लांट चालवणारं कुणी वाचत असेल तर एकच विनंती, काहीही विकत घ्यायच्या आधी मीटर लावा. बऱ्याच ठिकाणी बोअरवेलवर एक मीटर असतो, तोही बंद. धुवायच्या पाण्याला एक, स्टीपला जाणाऱ्या पाण्याला एक, इटीपीला जाणाऱ्याला एक आणि ड्रायरच्या वाफेला एक, एवढ्याने सुरुवात होते. आमच्याकडे त्या रात्रीनंतर अण्णांनी कंट्रोल रूमच्या दाराबाहेर एक फळा टांगला होता, प्रत्येक शिफ्टने जाताना खडूने लिहायचं, एक टन स्टार्चला धुवायचं पाणी किती गेलं. पहिल्या आठवड्यात तीन शिफ्टचे तीन वेगळे आकडे यायचे, मका तोच, मशीन तीच, फक्त वॉल्व्हवरचा हात वेगळा. महिन्याभरात तीनही आकडे जवळ आले, आणि सगळ्यात कमी आकडा असलेल्या शिफ्टला बाकीचे दोघे जाऊन विचारायला लागले की तुम्ही नक्की काय करता.